बाहेर फिरणारे मांजर घरात रुळवताना

माणसांचा डॉक्टर मांजरावर काय लिहिणार, असे काही वाचकांना वाटेल. पण गेली दोन-तीन वर्षे हा प्रश्न माझ्या दवाखान्यात या ना त्या निमित्ताने येतच असतो. गावातले जुने वाडे पडत आहेत आणि त्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. वाड्यातले कुटुंब फ्लॅटमध्ये जाते, त्यांच्याबरोबर वाड्यातले मांजरही जाते. कालपर्यंत कौलांवरून फिरणारे, परसात उंदीर धरणारे, रात्री बाहेर पडून पहाटे चुलीपाशी येऊन निजणारे हे मांजर आता दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराशी रात्रभर ओरडते. घरातल्यांची झोप जाते, शेजारी तक्रार करतात. मग कोणीतरी त्याला जबरदस्तीने धरायला जाते आणि हाताला दात लागले म्हणून माझ्याकडे येते.

दुसरे निमित्त बाळंतपणाचे. लेक सातव्या महिन्यात माहेरी येते आणि कोणीतरी सांगते, घरात मांजर असेल तर पोटातल्या बाळाला धोका असतो. लगेच मांजर पोत्यात घालून वेशीबाहेर सोडून यायची भाषा सुरू होते.

या दोन्ही घरांना माझे सांगणे एकच असते. मांजर सोडून देऊ नका आणि मोकाटही ठेवू नका. त्याला घरात राहायची सवय लावा. ती लावता येते. मात्र नुसते दार बंद करून लागत नाही. मांजराला बाहेर जे मिळत होते ते आत मिळाले, तरच ते आत राहते. मांजराच्या औषधपाण्याचा अधिकार पशुवैद्यांचा आहे, त्यात मी शिरत नाही. घरातल्या माणसांच्या आरोग्याशी ज्याचा संबंध येतो, तेवढे सांगतो.

बाहेरच्या मांजरापासून आपल्याला काय होते?

पहिला आणि सर्वांत गंभीर आजार रेबीज. आपल्या देशात माणसाला रेबीज होतो तो बहुतांशी कुत्र्यांमुळे. पण रेबीज झालेले मांजर चावले तरी तो होतो. रात्री बाहेर फिरणाऱ्या मांजराची कुत्र्यांशी झटापट होतच असते. त्या झटापटीची आपल्याला खबरही नसते आणि सकाळी तेच मांजर नातवाच्या मांडीवर बसलेले असते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून मांजराच्या चाव्याला "एवढासा तर आहे" म्हणून सोडून देऊ नये.

मांजराचे दात सुईसारखे बारीक व अणकुचीदार असतात. वरून दोन टिपके दिसतात, पण जंतू खोलवर जातात. चावल्यापासून एक दिवसाच्या आत हात सुजून लाल झालेले पेशंट मी पुष्कळ पाहिले आहेत. बोटाच्या सांध्यापाशी चावले असेल तर अधिकच जपावे लागते. पिसवा झालेल्या मांजराच्या, विशेषतः पिलाच्या, ओरखड्यातून एक वेगळा जंतू शिरतो. त्याने काखेत किंवा मानेत गाठ येते आणि बारीक ताप राहतो. मुलांच्या गालावर, दंडावर गोल चट्टा उठतो तो पुष्कळदा मांजराच्या केसांतल्या बुरशीने होणारा गजकर्ण असतो. मांजराच्या पोटातल्या जंतांची अंडी त्याच्या विष्ठेतून अंगणातल्या मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात पोहोचतात.

बर्ड फ्लूचा विषय अलीकडचा आहे. नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ व एक बिबट्या दगावले. ते बर्ड फ्लूने गेल्याचे जानेवारी २०२५ मध्ये निष्पन्न झाले. त्याच सुमारास मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांमध्येही हा विषाणू आढळला. मांजर वाघाच्याच कुळातले. मेलेला पक्षी किंवा कच्चे कोंबडीचे मांस खाणाऱ्या मांजराला हा धोका असतो. घाबरण्याचे कारण नाही. पण मांजराला शिजवलेलेच मांस द्यावे, हे यावरून लक्षात घ्यावे.

वरील बहुतेक आजार मांजर बाहेरून घरात आणते. त्याचे बाहेर जाणे थांबले, त्याला लस व जंतांचे औषध मिळाले की यातला मोठा धोका कमी होतो. मांजरालाही याचा फायदाच आहे. गाडीखाली सापडणे, कुत्र्यांनी फाडणे, विष खाल्लेला उंदीर खाऊन मरणे हे सर्व टळते.

आधी पशुवैद्य, मग दार बंद

मांजराला आत घेण्याच्या आधी किंवा त्याच आठवड्यात त्याला पशुवैद्यांकडे न्यावे. शासनाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात केवळ गाई-म्हशीच पाहतात असे नाही. तेथे तीन गोष्टी करून घ्याव्यात. रेबीजची लस द्यावी व पुढील डोसची तारीख वहीत लिहून ठेवावी. जंतांचे व पिसवांचे औषध द्यावे. कुत्र्यांच्या गोचिडांची पावडर किंवा थेंब मांजराला कधीही लावू नयेत. त्यातील काही औषधे मांजराला विषासारखी बाधतात.

तिसरी गोष्ट ऑपरेशनची. संततिनियमनाचे ऑपरेशन न झालेले मांजर घरात ठेवणे फार अवघड जाते. मांजरी माजावर आली की दिवसरात्र ओरडते, आणि हे वर्षातून अनेकदा होते. बोका भिंतीवर, पडद्यावर मुतून आपली हद्द आखतो आणि दार उघडे दिसताच पळतो. ऑपरेशननंतर हे प्रकार खूपच कमी होतात. साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयात ते करता येते. मोठ्या मांजराचेही होते. ऑपरेशनने मांजर आजारी पडते ही समजूत चुकीची आहे. त्यानंतर ते थोडे लठ्ठ होऊ शकते, म्हणून खाणे मोजून घालावे.

पहिला आठवडा एकाच खोलीत

मांजराचे जग वासाचे असते. नव्या घरात त्याच्या ओळखीचा एकही वास नसतो, म्हणून ते घाबरते. पूर्ण घर एकदम मोकळे करून देण्याऐवजी पहिले पाच-सात दिवस एका शांत खोलीत ठेवावे. त्या खोलीत त्याचे जुने अंथरूण न धुता ठेवावे. एक पुठ्ठ्याचे खोके आडवे करून कोपऱ्यात ठेवावे, म्हणजे त्याला लपायला जागा होते. ते पलंगाखाली जाऊन बसले तर ओढून काढू नये. भूक लागली की आपणहून येईल. मुलांना सांगावे की मांजर जवळ आले तरच हात लावायचा.

खोलीत ते नीट खाऊ लागले, अंग चाटू लागले, दाराच्या चौकटीला गाल घासू लागले की रुळले असे समजावे. मग एकेक खोली उघडावी. घर बदललेले नसेल आणि बाहेर फिरणारे मांजर त्याच घरात ठेवायचे असेल, तर बेत थोडा वेगळा. त्याची संध्याकाळच्या खाण्याची वेळ ठरवावी, वाटी वाजवून बोलवावे आणि खाल्ल्यावर दार लावून रात्रभर आत ठेवावे. दोन आठवडे रात्र आत गेली की सकाळचे तास वाढवत जावेत. पावसाळ्याची सुरुवात याला सोयीची. भिजायला नको म्हणून मांजर स्वतःच आत थांबते.

शी-शूची सोय

घरोघरी सर्वांत मोठी अडचण हीच असते. मांजर मुळात स्वच्छ प्राणी आहे. माती उकरून, झाकून ठेवणे हा त्याचा स्वभाव आहे. एक पसरट घमेले किंवा प्लॅस्टिकचा टब घ्यावा आणि त्यात चाळलेली वाळू तीन-चार बोटे जाडीने पसरावी. बाहेरच्या मांजराला वाळूची ओळख नसते, म्हणून ते जेथे जात असे तेथली ओंजळभर माती पहिल्या दिवसांत त्या वाळूत मिसळावी. घमेले खाण्याच्या वाटीपासून दूर, वर्दळ नसलेल्या जागी ठेवावे. एका मांजराला शक्यतो दोन, दोन मांजरांना तीन घमेली असावीत.

घाण रोजच्या रोज काढावी. वाळू आठवड्याने बदलावी. घमेले साबणाच्या पाण्याने धुवून उन्हात वाळवावे. फिनेल वापरू नये. फिनेलवरून चाललेले मांजर पाय चाटते आणि ते विष पोटात जाते. शिवाय त्या उग्र वासाने मांजर घमेल्याकडे फिरकतच नाही. चुकून दुसरीकडे केले तर मारू नये, नाक त्यात घासू नये. त्याला कारण कळत नाही, फक्त आपली भीती बसते.

खाणे

पुष्कळ घरांत मांजराला दूध-पोळी घालतात आणि बाकीचे ते बाहेर शिकार करून भागवते. दार बंद केले की ही शिकार थांबते, आणि दूध-पोळीवर मांजर जगू शकत नाही. त्याला मांसाहार लागतोच. मांसात टॉरिन नावाचा एक घटक असतो. तो न मिळाल्यास मांजराचे डोळे व हृदय बिघडते. उकडलेली कोंबडी, उकडून काटे काढलेली मासळी, अंडे द्यावे. रोजच्या खाण्यासाठी मांजरांचे तयार खाद्य चांगले, कारण त्यात टॉरिन व इतर घटक मोजून घातलेले असतात. ज्या घरात मांस-मासे शिजत नाहीत त्यांचीही यातून सोय होते. कुत्र्याचे खाद्य मांजराला चालत नाही. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेली आमटी, रस्सा देऊ नये. त्याने मांजराचे रक्त कमी होते.

मोकळे मांजर दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खाते. म्हणून एकदम ताटभर न घालता तीन-चार वेळा विभागून घालावे.

रात्रीचे ओरडणे आणि दाराशी धरणे

मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते आणि पहाटे व तिन्हीसांजेला सर्वांत जास्त जागे असते. ही त्याची शिकारीची वेळ. ही शिकार त्याला घरात करू द्यावी. काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला चिंधी किंवा पीस बांधावे आणि झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे त्याला मागे पळवावे. शेवटी ती चिंधी पकडू द्यावी आणि लगेच रात्रीचे खाणे घालावे. शिकार, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा त्याचा क्रम आहे. तो घरात बसला की रात्रीचे ओरडणे कमी होते. खेळ झाला की दोरी कपाटात ठेवावी. दोरा, जरीचा धागा, पतंगाचा मांजा मांजर गिळते आणि आतडे कापले जाते.

तरी पहिले काही दिवस ते दाराशी ओरडेल. अशा वेळी दार उघडू नये. तासभर ओरडल्यावर तुम्ही एकदा दार उघडलेत, की तासभर ओरडले म्हणजे दार उघडते हे ते शिकते. रागावूही नये. घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळावा. आजोबांना दया येते आणि ते पहाटे हळूच कडी काढतात, हा अनुभव बऱ्याच घरांचा आहे. आजोबांना पहाटेचे खाणे घालायचे काम द्यावे, म्हणजे त्यांचेही समाधान होते.

मांजराला उंच बसून खाली पाहायला आवडते. कपाटावर एक गोधडी टाकावी, खिडकीशी स्टूल ठेवावे. मात्र खिडकीला व बाल्कनीला जाळी हवी. मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायावरच पडते व त्याला काही होत नाही, हे खरे नाही. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरे आणली गेली, असा अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. नुसत्या गजांवर भरवसा ठेवू नये. मांजर त्यांतून सहज निघते.

नखे घासणे ही त्याची गरज आहे. एखाद्या लाकडी खांबाला किंवा टेबलाच्या पायाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी किंवा गोणपाट बांधावे. ते सोफ्याजवळच ठेवावे, म्हणजे सोफा वाचतो.

घरातले विष

घरात ठेवलेल्या मांजराला एक नवा धोका असतो तो आपल्या औषधांचा. अंग गरम लागले म्हणून काही जण मांजराला पॅरासिटामॉलची गोळी देतात. ते औषध पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि एका गोळीनेही ते मरू शकते. अंगदुखीच्या इतर गोळ्याही देऊ नयेत. उंदराचे औषध, डांबराच्या गोळ्या, फुलदाणीतली लिलीची फुले हेही मांजराला घातक आहे.

दोन लक्षणांत थांबू नये. बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो पण लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. तसेच मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर ते रुसले आहे असे समजून वाट पाहू नये.

गरोदर बाईच्या घरी

मांजरामुळे गर्भाला होणारा जो आजार सांगितला जातो त्याचे नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. त्याचा जंतू १९०८ मध्ये सापडला आणि मांजराच्या विष्ठेतून तो पसरतो हे १९७० च्या सुमारास सिद्ध झाले. धोका असतो तो गरोदरपणात पहिल्यांदाच हा संसर्ग झाला तर. मांजराला हा संसर्ग उंदीर, पक्षी, कच्चे मांस यांतून होतो. त्यानंतर ते साधारण एक ते तीन आठवडे हे जंतू विष्ठेतून टाकते. बाहेर पडल्यावर निदान एक दिवस गेल्याशिवाय ते जंतू दुसऱ्याला बाधत नाहीत. म्हणून घमेले रोज साफ केले तर धोका फारच कमी होतो. ते काम गरोदर बाईने करू नये, घरातल्या दुसऱ्याने करावे. दुसरे कोणीच नसेल तर हातमोजे घालून करावे व नंतर हात साबणाने धुवावेत.

मांजराला हात लावल्याने हा आजार सहसा होत नाही. अर्धवट शिजलेले मटण, न धुतलेली पालेभाजी व कोशिंबीर, मातीत काम केलेले हात यांतून तो होण्याची शक्यता अधिक. शिजवलेले खाऊन घरात राहणारे मांजर हे या बाबतीत बाहेर फिरणाऱ्या मांजरापेक्षा कितीतरी सुरक्षित. ते वेशीबाहेर सोडून आलात आणि भाजी न धुताच खाल्लीत, तर बाळाचे काहीच रक्षण झाले नाही.

चावले किंवा ओरबाडले तर

मांजर घाबरलेले असताना ते कोणालाही चावते, म्हणून त्याला हलवताना झाकणाची टोपली किंवा हवा जाईल असे खोके वापरावे, पोत्यात कोंबू नये. तरी चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण दोन मिनिटे झाली की आपल्याला पंधरा झाली असे वाटते. मग आयोडिन लावावे. हळद, चुना, तिखट, तेल लावू नये. जखम घट्ट बांधू नये.

त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लस शासकीय रुग्णालयात मोफत मिळते. दंडात कातडीमध्ये देण्याच्या पद्धतीत ती पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. स्नायूत द्यायची असल्यास चौदाव्या दिवशी आणखी एक डोस असतो. दात खोल गेले असतील, रक्त आले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील या भीतीने अजूनही काही लोक येत नाहीत. ती लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. मांजर पाळीव आहे, त्याला लस दिलेली आहे म्हणून घरी थांबू नये. त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. मात्र आपली लस आधी सुरू करावी आणि पुढचे डोस घ्यायचे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

काही मांजरे तीन आठवड्यांत रुळतात, काही तीन-चार महिने घेतात. जन्मभर बाहेर राहिलेला म्हातारा बोका पूर्ण रुळेलच असे नाही. त्याला निदान लस टोचून, ऑपरेशन करून रात्री तरी आत घ्यावे. घरात घमेले ठेवण्यापूर्वी वहीत पशुवैद्यांच्या दवाखान्याची वेळ लिहावी आणि मांजराला लस देण्याचा दिवस नक्की करावा. बाकीचे हळूहळू जमते.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यात पायांना होणाऱ्या चिखल्या)